मागायचं ते मोजून

कार्यक्रम फसला की तोंडातून दोन वाक्यं बाहेर पडतात. "किती अपेक्षेने आलो होतो" हे एक आणि "असं काही सांगितलं नव्हतं" हे दुसरं. दोन्ही एका दमात येतात, त्यामुळे दोन्हींचा अर्थ एकच आहे असं वाटत राहतं. कार्ड कंपनीमार्फत पैसे परत मागायची वेळ आली की मात्र त्यांची फारकत होते. पहिलं वाक्य तिथे कुणी विचारातच घेत नाही. सगळी मदार दुसऱ्यावर.

ही फारकत मला आधी फार कोरडी वाटली होती. आता तशी वाटत नाही. ते का, हे सांगण्यासाठीच हा लेख.

अलीकडेच मी आईला घेऊन एका गाण्याच्या कार्यक्रमाला गेले होते. जाहिरातीत एका ज्येष्ठ गायकाचा मोठा फोटो होता. खाली ‘तीन तासांची मैफल’, ‘पूर्ण वाद्यवृंदासह’, आणि आम्ही घेतलेल्या महागड्या तिकिटांसाठी ‘पहिल्या तीन रांगांत राखीव आसन’. आईने फर्माइशीची चिठ्ठी लिहून पर्समध्ये ठेवली होती. तीन गाणी, अक्षर एरवीपेक्षा मोठं आणि सावकाश काढलेलं, म्हणजे त्या गायकांना चष्म्याशिवायही वाचता यावं.

आम्हाला बसवलं ते बाजूच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, आणि समोर स्पीकरची उभी रास. एक मुलगा आणि एक मुलगी आलटूनपालटून गात होते. वाद्यवृंद म्हणजे एक कीबोर्ड, बाकी सगळा ट्रॅक. तासाभराने निवेदक आला, "काही अपरिहार्य कारणांमुळे" एवढं म्हणाला, मुख्य गायकाचं नाव त्याने पुसटसं उच्चारलं आणि दिवे लागले. लोक आधी हसले. त्यांना वाटलं मध्यंतर झालं. मग एकेक जण उठू लागला. आई मात्र बसून राहिली. गायकांना बरं नसेल का, कुणी विचारलं का, हेच ती मला पुन्हा पुन्हा विचारत होती.

आयोजकांना मी त्याच रात्री मेल लिहिली. आधी आपोआप येणारं उत्तर आलं. मग काही दिवसांनी "कलाकार बदलण्याचा अधिकार आयोजकांकडे राखीव आहे" असं एका ओळीचं उत्तर. आणि मी पुन्हा लिहिल्यावर पुढच्या कार्यक्रमाचं कूपन. कूपन मी नाकारलं, आणि तेही लेखी. इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण बरीच माणसं नेमकी या वळणावर अडकतात. बदली म्हणून दिलेली वस्तू आपण स्वीकारली, तर समोरचा उद्या म्हणू शकतो की हिशेब तिथेच मिटला. २०१७ च्या एप्रिलमध्ये बहामाजमधल्या ग्रेट एक्झुमा बेटावर ‘फायर फेस्टिव्हल’ नावाचा सोहळा पहिल्याच दिवशी कोसळला. आलिशान निवासाचं आश्वासन होतं, पोचलेल्या लोकांना आपत्ती निवारणासारखे तंबू आणि भिजलेल्या गाद्या मिळाल्या. त्यानंतर आयोजकांनी परताव्यासाठी जो अर्ज लोकांकडे पाठवला, त्यात पैशांऐवजी पुढच्या वर्षीची तिकिटं घेण्याचा पर्यायही होता. पुढचं वर्ष कधी उगवलंच नाही. आयोजक बिली मॅकफार्लंड याला २०१८ मध्ये फसवणुकीबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. ज्यांनी कार्डाने पैसे भरले होते आणि वेळेत बँकेकडे धाव घेतली, त्यांच्या हातात निदान एक वाट होती. ज्यांनी कार्यक्रमाच्या मनगटी पट्ट्यांत आगाऊ पैसे भरून ठेवले होते त्यांची वाट बरीच अवघड.

तर ती वाट.

आपण सरसकट "कार्ड कंपनी" म्हणतो, पण त्या एका शब्दामागे रांगेने माणसं उभी असतात. मला कार्ड देणारी माझी बँक. व्हिसा किंवा मास्टरकार्डसारखं नेटवर्क, जे कुणालाही कर्ज देत नाही, फक्त बँकांमधल्या व्यवहाराचे नियम ठरवतं. आयोजकाच्या वतीने पैसे स्वीकारणारी त्याची बँक. आणि शेवटी आयोजक. मी तक्रार केली की माझी बँक नेटवर्कच्या नियमांनुसार ती रक्कम आयोजकाच्या बँकेकडून मागे ओढते, आणि ती बँक आयोजकाच्या खात्यातून. यालाच चार्जबॅक म्हणतात. म्हणजे बँक स्वतःच्या खिशातून काही देत नाही. मी दिलेले पैसे ज्या रस्त्याने गेले त्याच रस्त्याने उलटे आणले जातात. म्हणून आयोजकाला उत्तर द्यायची पूर्ण संधी मिळते, आणि मिळायलाच हवी. दोन्ही बाजू हटल्या नाहीत तर प्रकरण नेटवर्कच्या लवादापर्यंत जातं. तिथे हरणाऱ्याला शुल्काचा भुर्दंड पडतो, त्यामुळे बहुतेक प्रकरणं त्याआधीच निकालात निघतात.

ही सोय बँकांच्या चांगुलपणातून आलेली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. उधारीच्या व्यवहारात एक जुनी पंचाईत होती. दुकानदाराने माल विकायचा, गिऱ्हाइकाच्या कर्जाचा कागद तिसऱ्याच सावकाराला विकायचा, आणि माल खराब निघाला तर त्या तिसऱ्याने हात वर करायचे: मालाचं मला काय माहीत, माझा हप्ता द्या. तक्रार एकाकडे आणि देणं दुसऱ्याकडे, अशा कात्रीत गिऱ्हाईक सापडायचं. कार्डं घरोघरी पोचली तशी ही कात्रीही पोचली. १९७४ साली दोन देशांनी त्यावर कायदा केला. अमेरिकेत ‘फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्ट’ आला, आणि ब्रिटनमध्ये ‘कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट’. ब्रिटनच्या कायद्याचं कलम ७५ तर आणखी पुढे गेलं. एका वस्तूची किंमत १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत असेल, तर विक्रेत्याने करार मोडल्याबद्दल क्रेडिट कार्ड देणारी संस्थाही विक्रेत्याइतकीच जबाबदार. रकमेचा थोडासा भागच कार्डाने भरला असला तरीही. तिथे बँकेला खरोखर स्वतःच्या खिशात हात घालावा लागतो.

म्हणून नेटवर्कचा नियम आणि देशाचा कायदा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. नेटवर्कचा चार्जबॅक साधारणपणे डेबिट कार्डालाही लागू होतो, कलम ७५ होत नाही. मुदतीही वेगळ्या. अमेरिकी कायद्यात बिलातल्या चुकीची लेखी तक्रार त्या स्टेटमेंटनंतर ६० दिवसांत पोचवावी लागते. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत अशा तक्रारींना साधारण १२० दिवस मिळतात, आणि न मिळालेल्या सेवेच्या बाबतीत ते दिवस तिकीट काढल्यापासून नव्हे तर सेवा मिळायची होती त्या तारखेपासून मोजले जातात, एकूण ५४० दिवसांच्या मर्यादेत. कार्यक्रमांची तिकिटं कित्येक महिने आधी विकली जातात, त्यामुळे हा तपशील जीव की प्राण. "तिकीट काढून सहा महिने झाले, आता कोण ऐकणार" असं म्हणून सोडून देणाऱ्या प्रत्येकाला थांबवून हे सांगावंसं वाटतं. आपली बँक याहून लवकरची तारीख सांगत असेल तर तीच धरावी.

मी बँकेत फोन केला तेव्हा पलीकडच्या मुलीने शांतपणे विचारलं, "मॅडम, तुम्ही कार्यक्रमाला गेला होतात का?"

"हो."

"मग सेवा मिळाली नाही, असं लिहिता येणार नाही. जे मिळालं ते सांगितल्यासारखं नव्हतं, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

हेच म्हणायचं होतं, आणि तिने ते माझ्या तोंडात न घालता माझ्याकडून काढून घेतलं. त्या मुलीचे मी मनापासून आभार मानते. कारण तक्रारीचा प्रकार चुकला की खरी तक्रारही हरते. व्हिसाच्या यादीत सेवा मिळालीच नाही याला १३.१ हा क्रमांक आहे आणि वर्णनाप्रमाणे मिळाली नाही याला १३.३. मास्टरकार्डमध्ये यातलं बरंचसं ४८५३ या एकाच क्रमांकाखाली येतं. ग्राहकाला क्रमांक माहीत असायची गरज नाही. पण आपण कुठल्या दाराशी उभे आहोत हे माहीत हवं. मी ‘मिळालीच नाही’ असं लिहिलं असतं, तर गेटवर स्कॅन झालेल्या माझ्या तिकिटाची एक नोंद दाखवून आयोजक मोकळे झाले असते.

मग लिहायला बसले. मनात साचलेलं सगळं आधी एका कागदावर उतरवलं: आईची चिठ्ठी, निवेदकाने चोरलेली नजर, परतीच्या वाटेवरचं आमचं न बोलणं. तो कागद बाजूला ठेवला आणि बँकेसाठी नवा घेतला. मधोमध रेघ मारली. डावीकडे काय कबूल केलं होतं, उजवीकडे काय मिळालं. डावीकडच्या प्रत्येक ओळीला पुरावा हवा, म्हणून जाहिरातीचा स्क्रीनशॉट, बुकिंगच्या पानाचा स्क्रीनशॉट, तिकिटाची पीडीएफ. उजवीकडच्या ओळींना त्या संध्याकाळी काढलेले फोटो: खुर्च्या, स्पीकर, मंचावरचे दोघे. फोटोंवर वेळ आपोआप उमटलेली असते, त्यामुळे दिवे कधी लागले हेही दिसत होतं. आयोजकांशी झालेला पत्रव्यवहार तारखेनुसार जोडला, कारण आधी विक्रेत्याशी बोलून पाहिलं का, हा प्रश्न बँक विचारतेच.

त्या दोन रकान्यांसमोर बसल्यावर माझा राग बदलला. कमी झाला असं नाही, त्याला कडा आल्या. गाणाऱ्या मुलाचा आवाज मला पातळ वाटला होता, पण चांगला आवाज कुणी कबूल केला नव्हता. सभागृहात उकडत होतं, तेही नव्हतं. या गोष्टी डावीकडे कुठेच बसेनात, आणि मी त्या सोडून दिल्या. उरल्या चारच: मुख्य गायक नाही, वाद्यवृंद नाही, राखीव आसन नाही, तीन तासांची मैफल नाही. या चार ओळी कुणालाही वाचायला दिल्या असत्या तरी त्याला हो म्हणावं लागलं असतं.

आई शेजारी बसून हे सगळं बघत होती. तिने विचारलं, "किती मागणार आहेस?"

"सगळे. दोन तिकिटांचे."

"अगं, त्या दोघांनी मनापासून गायलं. मी ऐकलं ते. त्याचे पैसे कशाला परत मागतेस?"

मी म्हटलं, गायकच आला नाही तर कार्यक्रम कसला? ती म्हणाली, "ते आयोजकांना सांग. मुलांना काय त्याचं?" आता पैसे आयोजकांकडून परत येणार होते, मुलांकडून नाही, हे मी तिला समजावून सांगू शकले असते. सांगितलं नाही. तिचा मुद्दा पैसे कुणाच्या खात्यातून निघणार हा नव्हताच. जे घेतलं ते घेतलं म्हणायचं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

वादाची रक्कम व्यवहाराच्या पूर्ण रकमेइतकीच असावी लागते असं नाही, हे मला तेव्हा वाचताना सापडलं. सेवेचा काही भाग मिळाला असेल तर न मिळालेल्या भागापुरती तक्रार करता येते. मग जे मिळालं त्याची किंमत काय धरायची? आम्ही त्याच कार्यक्रमाच्या सर्वांत स्वस्त तिकिटाचा दर बघितला. बाजूला बसून, मुख्य गायकाशिवाय, एक तास गाणं. त्याला तो दर आम्ही दोघींनी रास्त मानला आणि उरलेली तेवढीच रक्कम मागितली. कशी काढली तेही लिहिलं. माझ्या ओळखीच्या एकाने याला वेडेपणा म्हटलं, सगळे मागून ठेवायचे, मिळतील तेवढे मिळतील. मला ते पटत नाही. दुसऱ्याने कबूल केलेलं पाळलं नाही अशी तक्रार करणाऱ्याने स्वतः दोन पैसेही फुगवून सांगू नयेत.

यात आणखीही एक गोष्ट आहे. चार्जबॅकचं हत्यार दोन्हीकडून चालतं. कार्यक्रमाला जाऊन, टाळ्या वाजवून, घरी येऊन "हा व्यवहार माझा नाही" असं सांगणारेही आहेत. प्रत्येक तक्रारीमागे विक्रेत्याला बँकेचं वेगळं शुल्क भरावं लागतं, बहुधा तक्रार खोटी ठरली तरीही. तक्रारींचं प्रमाण वाढलं की नेटवर्क त्याला निगराणीत टाकतं. मास्टरकार्डच्या एका योजनेत महिन्याला किमान १०० चार्जबॅक आणि व्यवहारांच्या दीड टक्के ही त्याची वेस आहे. मोठ्या आयोजकाला हे झेपतं. स्वतःच तिकिटं विकणाऱ्या, स्वतःच खुर्च्या मांडणाऱ्या एखाद्या लहान नाट्यसंस्थेला अशा मोजक्या खोट्या तक्रारीही झोपवू शकतात. नाटक आवडलं नाही हे पैसे परत मागायचं कारण होऊच शकत नाही. कलेत न आवडण्याची जोखीम प्रेक्षकाने घ्यायची असते, आणि मी ती आनंदाने घेते. फोटोतला माणूस मंचावर नसण्याची जोखीम मात्र मी तिकिटाबरोबर विकत घेतलेली नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात मुलांसाठी चॉकलेटच्या कारखान्याची जादुई सफर म्हणून एक कार्यक्रम विकला गेला. जाहिरातीतली रंगीबेरंगी दुनिया कृत्रिम बुद्धिमत्तेने रंगवलेली होती. प्रत्यक्षात जवळपास रिकामं गोदाम, थोडी सजावट आणि रडणारी मुलं. पालक इतके खवळले की पोलिसांना बोलवावं लागलं आणि कार्यक्रम त्याच दिवशी गुंडाळला गेला. त्या जाहिरातीची चित्रं आज जगभर फिरतात, म्हणून कुणालाही ती दाखवता येतील. आपल्या वाट्याला येणारे फसवे कार्यक्रम एवढे प्रसिद्ध होत नाहीत. जाहिरात दुसऱ्या दिवशी काढून टाकली की संपलं. म्हणून पैसे भरतानाच बुकिंगचं पान जपून ठेवावं, असं मी आता भेटेल त्याला सांगते.

मला त्या पानानेच तारलं. आयोजकांनी उत्तरात तीन कागद पाठवले: गेटवरच्या स्कॅनची नोंद, भरलेल्या सभागृहाचा फोटो आणि कलाकार बदलण्याच्या अधिकाराचं कलम. पहिल्या दोन्हींचं उत्तर सोपं होतं. मी गेले होते हे मीच पहिल्या ओळीत लिहिलेलं. उरलं कलम. अटी ग्राहकाला बंधनकारक ठरवायच्या तर त्या पैसे घेण्याआधी त्याच्यासमोर यायला हव्यात. बुकिंगच्या पानावर तसं एक अक्षरही नव्हतं. ते कलम पैसे भरल्यावर आलेल्या पीडीएफच्या तळाशी होतं. दोन्ही पानं शेजारी ठेवून बँकेला पाठवली. शिवाय कलाकार बदलण्याच्या कलमाखाली मुख्य गायकाऐवजी कोण आलं, हे आयोजकांनी कुठेच सांगितलं नव्हतं.

बँकेने सुरुवातीलाच ती रक्कम तात्पुरती जमा केली होती. अशी जमा परत काढली जाऊ शकते, म्हणून आम्ही तिला हात लावला नव्हता. पुढे आयोजकांकडून काही आलं नाही आणि जमा कायम झाल्याचा मेसेज आला. आईला वाचून दाखवला. तिने रक्कम विचारली, आम्ही मागितली तेवढीच आहे ना याची खात्री करून घेतली आणि लगेच पुढचं विचारलं, "मग त्या काकूंचं काय?"

काकू म्हणजे त्या संध्याकाळी आईच्या बाजूला बसलेल्या बाई. त्याही त्या गायकासाठीच आल्या होत्या. दोघींनी तिथेच नंबर घेतले आणि आता रोज फोनवर बोलतात. त्यांना आयोजकांकडून तेच कूपन आलं आहे, त्यांनी ते अजून वापरलेलं नाही. काल मी त्यांच्याशी बोलले. तिकिटं त्यांच्या मुलाने त्याच्या कार्डाने काढली होती, म्हणजे तक्रार त्यालाच करावी लागेल. दुसऱ्या कुणाचं बँक ऐकणार नाही. माझ्याकडचे जाहिरातीचे आणि खुर्च्यांचे फोटो मी त्यांना पाठवले आहेत. बुकिंगचं पान त्याने ठेवलं नसेल तर माझं वापरता येईल का, हे त्याच्या बँकेलाच विचारावं लागेल, निदान जाहिरात तरी दोघांची एकच आहे. "मुलगा कामात असतो, त्याला कशाला त्रास," असं त्या म्हणत होत्या. मी त्यांना म्हटलं, काकू, अजून मुदत आहे, पण फार नाही. आज संध्याकाळी तो घरी आला की आधी कूपन नको म्हणून मेल करायला सांगा, आणि मग लगेच बँकेला फोन.